मराठी भाषेचे शिवाजी आणि आपली रोजची इंग्रजी





मुख्याध्यापकाच्या टेबलावर रोज दहा-पंधरा अर्ज येतात. त्यातले निम्मे इंग्रजीत असतात. 'आय बेग टू से' असे म्हणून सुरू होतात आणि 'काइंडली डू द नीडफुल' असे म्हणून संपतात. कुणाची 'कझिन सिस्टर' लग्नाला उभी असते, कुणी 'आऊट ऑफ स्टेशन' जाणार असतो, कुणाला परीक्षा 'प्रीपोन' करून हवी असते. वर्गात गेलो तर मुले मराठीत सांगतात, 'सर, मला डाऊट आहे.' कानडीच्या तासाला आणि हिंदीच्या तासालाही हा 'डाऊट'च असतो. शंका कुणालाच येत नाही.

हे वाचून कुणी रागावू नये. मीसुद्धा असेच बोलतो. नवीन पाहुण्याला 'युवर गुड नेम प्लीज' असे विचारण्याची सवय मला आहे. इंग्रजाला त्यात 'गुड' कशासाठी हे कळणार नाही, पण आपल्याला कळते, कारण आपल्या मनात हिंदीतले 'शुभ नाम' असते. आपली भाषा ही अशी एकमेकींच्या घरात ये-जा करणाऱ्या शेजारणींसारखी आहे. काही वस्तू उसन्या येतात, काही परत जातात, काही कायमच्या राहून जातात.

पण उसने किती घ्यावे, आणि घेताना आपले काय राहते, हा प्रश्न जुना आहे. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका तरुण शिक्षकाने त्यासाठी आपले आयुष्य वेचले. त्यांचे नाव विष्णुशास्त्री चिपळूणकर. १७ मार्च हा त्यांचा स्मृतिदिन. त्या निमित्ताने या अंकात त्यांच्या जीवनाचा परिचय करून देत आहे.

बालपण आणि शिक्षण

विष्णुशास्त्रींचा जन्म २० मे १८५० रोजी पुण्यात झाला. त्यांचे वडील कृष्णशास्त्री चिपळूणकर हे त्या काळचे नामांकित विद्वान होते. संस्कृत, मराठी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांवर त्यांचे प्रभुत्व होते. कालिदासाचे 'मेघदूत' त्यांनी मराठीत आणले, अरबी भाषेतील सुरस आणि चमत्कारिक गोष्टी मराठी वाचकांना सांगितल्या आणि मराठी व्याकरणावर निबंध लिहिले. शिक्षक तयार करणाऱ्या पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे ते प्रमुख होते. म्हणजे घरातच शाळा होती म्हणा ना.

अशा घरात वाढलेल्या विष्णुशास्त्रींना वाचनाचे वेड लागले नसते तरच नवल. डेक्कन कॉलेजात शिकून १८७२ साली ते बी.ए. झाले. त्या काळी पदवीधर फार थोडे होते, त्यामुळे सरकारी नोकरी लगेच मिळाली. पुण्याच्या सरकारी हायस्कुलात ते शिक्षक झाले.

इंग्रजी साहित्य त्यांनी नुसते परीक्षेपुरते वाचले नाही, मन लावून वाचले. मेकॉले हा त्यांचा आवडता लेखक. त्याहून जवळचा वाटला तो डॉक्टर जॉन्सन. जॉन्सनने १७५५ साली इंग्रजीचा मोठा शब्दकोश प्रसिद्ध केला. त्याआधी त्याने एक लहानशी शाळा काढली होती, पण मुले आली नाहीत म्हणून ती बंद करावी लागली. १७५९ साली आई वारली तेव्हा तिच्या उत्तरक्रियेचा खर्च भागवण्यासाठी त्याने आठवडाभरात 'रासेलस' नावाची कथा लिहिली. गरिबीत राहून शब्दांवर प्रेम करणारा हा माणूस विष्णुशास्त्रींना फार भावला. 'रासेलस' चिपळूणकरांच्या घरातूनच मराठीत आली आणि जॉन्सनचे विस्तृत चरित्रही विष्णुशास्त्रींनी पुढे मराठीत लिहिले.

शाळेचे मासिक

आपल्या या छोट्या पत्रिकेच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. विष्णुशास्त्रींच्या लेखनाची सुरुवात शाळेच्या मासिकातूनच झाली. 'शालापत्रक' नावाचे शिक्षण खात्याचे मासिक कृष्णशास्त्री पाहत असत. विद्यार्थिदशेतच विष्णुशास्त्रींनी ते काम हाती घेतले. शिक्षकांना उपयोगी पडावे म्हणून निघणाऱ्या त्या मासिकात हळूहळू सरकारवर आणि मिशनऱ्यांवर टीका येऊ लागली. शेवटी १८७५ साली ते मासिक बंद पडले. शाळेच्या पत्रिकेत काय छापावे याची काळजी विश्वस्त मंडळाला तेव्हापासून असावी!

निबंधमाला

जानेवारी १८७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, विष्णुशास्त्रींनी 'निबंधमाला' हे स्वतःचे मासिक सुरू केले. सात वर्षांत त्याचे ८४ अंक निघाले. त्यातला जवळजवळ सगळा मजकूर एकट्या विष्णुशास्त्रींचा. दिवसा शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात लिहायचे, असा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालवला.

पहिला निबंध मराठी भाषेच्या त्या वेळच्या स्थितीवर होता. इंग्रजी शिकलेल्या मंडळींना मराठी लिहिण्याची लाज वाटू लागली होती. मराठी ही घरातल्या बायकामुलांची आणि बाजारातली भाषा, विद्वानांची नव्हे, अशी समजूत पसरली होती. दुसरीकडे सरकारी क्रमिक पुस्तकांतली मराठी भाषांतरामुळे कडक इस्त्री केल्यासारखी झाली होती. शब्द मराठी, पण वाक्याची चाल परकी. विष्णुशास्त्रींना हे दोन्ही खटकत होते.

त्यांच्या निबंधांची नुसती नावे पाहिली तरी त्यांना काय काय खुपत होते हे समजते. भाषापद्धती, भाषादूषण, लेखनशुद्धी, भाषांतर, अनुकरण, वाचन, वक्तृत्व अशा विषयांवर त्यांनी लिहिले. इंग्रजी भाषेवर तर स्वतंत्र निबंध लिहिला. गरज नसताना इंग्रजी शब्द पेरणे, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करणे, लेखनात हलगर्जीपणा करणे, आणि दुसऱ्याची नक्कल करण्यात भूषण मानणे, या गोष्टींची त्यांना चीड होती.

मात्र विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. विष्णुशास्त्री इंग्रजीचे शत्रू नव्हते. इंग्रजी विद्येला वाघिणीच्या दुधाची जी उपमा आपण ऐकतो, ती त्यांच्याच नावावर सांगितली जाते. इंग्रजी वाङ्मयावर त्यांचे मनापासून प्रेम होते. इतकेच नव्हे तर त्यांची स्वतःची मराठी इंग्रजीच्या तालमीतच घडली होती. एका वाक्यात अनेक उपवाक्ये गुंफायची, मुद्द्याला प्रतिमुद्दा द्यायचा, मध्येच उपरोधाचा चिमटा काढायचा, ही लांब पल्ल्याची वाक्यरचना त्यांनी मेकॉले आणि जॉन्सन यांच्याकडून शिकून मराठीत मुरवली. ज्या स्वल्पविराम आणि अर्धविरामांनी ही वाक्ये तोलली जातात, ती चिन्हेही मराठीत इंग्रजीकडूनच आली. मेजर थॉमस कँडी या इंग्रज गृहस्थाने १८५० च्या सुमारास त्यांचे नियम मराठीत समजावून दिले होते.

म्हणजे इंग्रजीकडून काय घ्यावे याचा त्यांनी निवाडा केला होता. विचार घ्यावा, शिस्त घ्यावी, मांडणी घ्यावी. नुसता दिमाख घेऊ नये. त्यांनी स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवून घेतले, आणि लोकांनीही ती पदवी मान्य केली, ती यामुळेच.

नोकरीचा त्याग आणि नवी शाळा

सरकारी नोकरीत राहून सरकारवर टीका फार दिवस चालत नाही. १८७८ साली विष्णुशास्त्रींची बदली रत्नागिरीला झाली. त्यांच्या लेखनामुळेच ही बदली झाली, असे सर्वांनी मानले. त्याच वर्षी वडीलही वारले. १८७९ साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. घरची जबाबदारी अंगावर असताना पक्की नोकरी सोडणे म्हणजे काय असते, हे आपल्या पालकांना सांगायला नको.

पुण्यात येऊन त्यांनी काय करायचे ठरवले? शाळा काढायची! बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर हे दोन तरुण त्यांना येऊन मिळाले. माधवराव नामजोशी आले. २ जानेवारी १८८० रोजी शाळा सुरू झाली. वामन शिवराम आपटे हेही याच शाळेत आले. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश पुढे जगभर गेला.

आता शाळेचे नाव पाहा. मराठीच्या या कट्टर अभिमान्याने शाळेला नाव दिले 'न्यू इंग्लिश स्कूल'. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला हसू आले होते. पुढे विचार केला तेव्हा त्यातला अर्थ कळला. आपल्या मुलांना इंग्रजी उत्तम यावी, पण ती आपल्या माणसांनी, स्वाभिमानाने शिकवावी, कमी खर्चात शिकवावी, हा त्यामागचा हेतू होता. शाळेचे संस्थापक मोठ्या पगाराच्या नोकऱ्या मिळवू शकत होते. त्यांनी ती वाट सोडली. याच मंडळींतून १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले.

पुढच्या वर्षी, म्हणजे जानेवारी १८८१ मध्ये, दोन वृत्तपत्रे निघाली. मराठीत 'केसरी' आणि इंग्रजीत 'मराठा'. मराठीतून लोकांशी बोलायचे आणि इंग्रजीतून सरकारशी. कोणती भाषा कुठे वापरावी याचा याहून सोपा धडा दुसरा नाही. आर्यभूषण छापखाना, चित्रशाळा, पुस्तकांचे दुकान, जुनी काव्ये आणि ऐतिहासिक कागदपत्रे छापणारे 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक, या सगळ्या कामांत विष्णुशास्त्रींचा हात होता.

१७ मार्च १८८२ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ३१ वर्षे. आपल्या शाळेतले कितीतरी शिक्षक त्या वयात बी.एड. करून नुकते स्थिरावलेले असतात. 'निबंधमाले'तील 'आमच्या देशाची स्थिती' हा त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतरही सरकारला सलत राहिला. १९१० साली सरकारने तो जप्त केला. १९३७ साली त्यावरची बंदी उठली.

त्यांचे चुकले कुठे?

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना आपण फक्त हार घालतो. मुलांना ते खरे वाटत नाही, आणि वाटूही नये. म्हणून पुढचे लिहितो.

विष्णुशास्त्रींच्या लेखणीला धार होती, आणि ती धार नेहमी योग्य ठिकाणीच चालली असे नाही. महात्मा जोतीराव फुले त्यांच्याच पुण्यात राहत होते. १८४८ साली सावित्रीबाईंसह त्यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. १८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि सत्यशोधक समाज स्थापन केला. फुले यांची मराठी शेतकऱ्याच्या, कारागिराच्या तोंडची होती. व्याकरणाच्या चौकटीत ती नेहमी बसत नसे. विष्णुशास्त्रींनी 'निबंधमाले'त त्यांच्या विचारांवर टीका केली. टीकेचा हक्क सर्वांना आहे. पण त्या टीकेत फुले यांच्या भाषेची आणि व्याकरणाच्या चुकांची टिंगल होती, आणि त्या टिंगलीच्या आड जातीचा अभिमान होता. ज्यांच्या पूर्वजांना पाटीला हात लावू दिला नव्हता, त्यांचे शुद्धलेखन तपासून त्यांना हसणे, हा न्याय नव्हे.

पुढे काय घडले पाहा. विष्णुशास्त्रींच्या मृत्यूनंतर काही महिन्यांत कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहावे लागले. त्या खटल्यात त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो रामशेठ उरवणे यांनी, आणि तो फुले यांच्या शब्दावरून. ज्यांच्या मराठीला हसले गेले, तीच माणसे केसरीकारांच्या अडचणीत उभी राहिली. हे पाहायला विष्णुशास्त्री हयात नव्हते. असते तर त्यांच्या लेखणीने काय लिहिले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आपल्या शाळेपुरते

आता थोडे स्वतःविषयी लिहितो, कारण त्याशिवाय हा लेख लिहिण्याचे कारण समजणार नाही.

माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. या शाळेत आलो तेव्हा पहिल्याच पालक सभेत मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले की या शाळेत प्रत्येक मुलाला उत्तम शिक्षा मिळेल. हिंदीत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. मराठीत काय, ते मला सभागृहातल्या हशावरून कळले. एक वयस्कर पालक सभा संपल्यावर जवळ आले, पाठीवर हात ठेवून म्हणाले, सर, थोडी थोडी दिली तरी चालेल. मीही हसलो. त्यांनी मला हसून जवळ केले होते. त्या हसण्यामुळे मी मराठी शिकलो.

पण दोन वर्षांपूर्वी माझ्या हातून वेगळे घडले. सकाळच्या परिपाठात सातवीतली एक मुलगी आपल्या आजीविषयी बोलत होती. आजी रानात काय करते ते सांगताना 'करायल्या', 'जायल्या' अशी आपल्या गावाकडची क्रियापदे तिच्या तोंडी येत होती. मी तिला मध्येच थांबवून 'करत आहे', 'जात आहे' असे दोन वेळा दुरुस्त केले. मुले हसली. तिने भाषण तिथेच संपवले. त्यानंतर वर्षभर ती परिपाठाला समोर आली नाही. विचारले तर म्हणाली, सर, माझी भाषा चांगली नाही.

ते वाक्य मला अजून टोचते. माझी 'शिक्षा' लोकांनी पोटात घातली आणि मी मात्र त्या मुलीची क्रियापदे सभेत मोजत बसलो.

आपला हा सीमाभाग आहे. बीदर, भालकी, बसवकल्याण, औराद, हुमनाबाद, आळंद इथल्या घराघरांत मराठी, कानडी आणि दख्खनी उर्दू एका पंगतीला बसतात. १९५६ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात आणि नंतर त्याच राज्यात होतो. म्हणून आपल्या कचेरीच्या बोलीत फारसी-उर्दू शब्द आहेत. 'अण्णा', 'अक्का' हे तर कानडीतूनच मराठीत आले. माणिकनगरच्या श्री माणिकप्रभूंनी अनेक भाषांत पदे रचली, आणि देव कोणत्याही भाषेत अडखळला नाही. अशा मातीतल्या मुलांची मराठी पुण्याच्या मराठीसारखी कशी असेल? आणि का असावी?

मग शुद्ध लिहायला शिकायचे नाही का? शिकायचेच. विष्णुशास्त्रींचा आग्रह खरा होता. परीक्षेत, अर्जात, निबंधात प्रमाण मराठी यावी, इंग्रजी नीट यावी, कानडी तर यावीच, कारण ती आपल्या राज्याची भाषा आहे. 'डिस्कस अबाउट' नव्हे, नुसते 'डिस्कस' पुरे. 'रिटर्न बॅक' मधला 'बॅक' वायाच जातो. मराठीत 'त्याची मदत केली' हे हिंदीचे वळण आहे, 'त्याला मदत केली' हे मराठीचे. हे माझेच मला अजून सुधारायचे आहे. अशा गोष्टी शिकण्यासारख्या आहेत, आणि त्या शिकण्यात मजाही आहे.

फक्त दुरुस्ती वहीत व्हावी, चारचौघांत नको. चूक शब्दाची असते, मुलाची नसते.

म्हणून शिक्षकांशी बोलून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पहिली, परिपाठात बोलणाऱ्या मुलाला भाषेवरून कुणीही मध्ये थांबवायचे नाही, मुख्याध्यापकांनीही नाही. दुसरी, प्रत्येक वर्गात एक वही राहील. त्यात मुलांनी आपल्या आजी-आजोबांच्या तोंडचे गावाकडचे शब्द लिहायचे आणि समोर प्रमाण मराठी, कानडी आणि इंग्रजी शब्द लिहायचा. तिसरी, दर शनिवारी शेवटच्या तासाला रोजच्या बोलण्यातल्या इंग्रजी चुका सगळ्यांनी मिळून शोधायच्या. सुरुवात माझ्या सूचनाफलकापासून करावी. तिथे भरपूर सापडतील.

पालकांना विनंती की, मुलाने घरी मराठीत विचारले तर मराठीतच उत्तर द्यावे. मोडके इंग्रजी बोलून त्याला हुशार करता येत नाही. ज्याची एक भाषा पक्की, त्याला दुसरी लवकर येते, हे विष्णुशास्त्रींच्याच उदाहरणावरून दिसते.

जाता जाता आनंदाची बातमी. ती मुलगी आता नववीत आहे. गेल्या महिन्यात वर्गाच्या वहीत तिने आजीचे ४२ शब्द लिहून आणले. त्यातले ११ शब्द मला माहीत नव्हते. ते मी तिच्याकडून शिकतो आहे.

आपला,
मुख्याध्यापक